नेमप्लेट पुसणारे हात : मकरपुऱ्यातलं हेक्झेनचं एक प्रकरण

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या शेडमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेल बोर्डांवर लावायच्या ॲल्युमिनियमच्या नेमप्लेटा तयार होतात. काम करणारी सात माणसं आणि एक मालक. तिथं प्लेटा पुसायचं काम करणाऱ्या २६ वर्षांच्या तरुणाचे पाय सात-आठ महिन्यांत इतके दुबळे झाले, की दांडिया बाजारातल्या घराचा जिना त्याला कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत चढावा लागू लागला. कारण निघालं नॉर्मल हेक्झेन, म्हणजे तेल-ग्रीस काढायला वापरतात ते पाण्यासारखं स्वच्छ पेट्रोलियम द्रावक.

मी औद्योगिक आरोग्याचं काम करतो. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात बेफिकीर कोणीच नव्हतं. मालकाने जुनं द्रावक बदलून हेक्झेन आणलं ते कामगारांचं डोकं दुखू नये म्हणून. ओळख पटू नये यासाठी माणसांचे आणि जागेचे काही तपशील बदलले आहेत. रसायनाची माहिती आणि आजाराची चाल जशी असते तशीच दिली आहे.

काम कसं चालायचं

कारखान्यातून येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर रोलिंग तेलाचा पातळ थर असतो. तो राहिला तर स्क्रीन प्रिंटिंगची शाई धरत नाही आणि मागे लावलेला टेप उन्हाळ्यात सुटतो. म्हणून छपाईच्या आधी प्रत्येक प्लेट दोन्ही बाजूंनी पुसायची. पूर्वी हे थिनरने व्हायचं, त्यात टोल्यूइन असायचं. त्याचा वास उग्र, दुपारपर्यंत कपाळ जड व्हायचं. टोल्यूइन काही साधुसंत नाही, तक्रार रास्तच होती. शेठनी सप्लायरला सांगितलं, आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला निळ्या कारब्यातून, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या कॅनमधून, नवा माल आला. वास जवळजवळ नाही, क्षणात सुकतो, डाग ठेवत नाही, भावही परवडणारा. सगळे खूश झाले. कारब्यावर मार्करने फक्त ‘हेक्झेन’ लिहिलेलं होतं, त्याखेरीज एक अक्षर नाही.

पुसायची खोली ४ मीटर रुंद, ५ मीटर लांब, ३ मीटर उंच. वर एक एक्झॉस्ट पंखा होता, पण तो बंद ठेवायचे, कारण सुरू केला की बाहेरची धूळ आत येऊन ओल्या प्लेटांवर बसायची. खिडकी पावसात पाण्यामुळे बंद आणि पुढे थंडीत गारठ्यामुळे बंद. टेबलावर स्टीलच्या वाटीत हेक्झेन, त्यात कापसाचा बोळा बुडवायचा आणि उघड्या हाताने पुसायचं. चेहरा वाटीपासून हातभर अंतरावर. दिवसाला साधारण दोन लिटर लागायचं. त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक मुलगी छपाईच्या जाळ्या धुवायची, त्यासाठी वापरायचे ते एमईके, म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन. या कोपऱ्याची गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

आजार

सुरुवात पायांच्या बोटांपासून झाली. डिसेंबरात मुंग्या, मग बधिरपणा. चालता चालता चप्पल पायातून निसटायची आणि चार पावलं पुढे गेल्यावर त्याला कळायचं. उत्तरायणाला गच्चीवर पतंग उडवताना मांजाने बोट कापलं, ते त्याला रक्त दिसल्यावर समजलं. घरच्यांनी ते सणाच्या गडबडीत सोडून दिलं. जानेवारीच्या अखेरीस पाऊल उचलताना पंजा खाली लोंबू लागला, शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला आणि वजनही उतरलं.

पहिल्यांदा निदान झालं बी-१२च्या कमतरतेचं. शाकाहारी घर, रक्तातलं प्रमाण जेमतेम, त्यामुळे तो अंदाज अवास्तव नव्हता. इंजेक्शनांचा कोर्स झाला, फरक पडला नाही. साखर तपासली, ती नॉर्मल. मग नसांची विद्युत तपासणी झाली. त्यात संदेशाचा वेग मंदावलेला आणि ताकदही घटलेली दिसली. हेक्झेनच्या आजारात नसांवरचं आवरणही दुय्यमपणे बिघडतं, त्यामुळे हा अहवाल प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच नसांवर हल्ला करण्याच्या आजारासारखा दिसू शकतो. इथेही तोच संशय आला आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या महागड्या उपचाराची चर्चा सुरू झाली. घरच्यांनी दागिने काढून ठेवले होते.

त्या टप्प्यावर एका न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं, “काय काम करतोस?” उत्तर आलं, “प्रिंटिंगमध्ये आहे.” आधीच्या प्रत्येक कागदावर हेच लिहिलेलं होतं. पण त्यांनी तिथं न थांबता पुढचा प्रश्न केला, “दिवसभर हाताने नेमकं काय करतोस?” तो म्हणाला, “सर, प्लेटा पुसतो.” “कशाने?” या तीन प्रश्नांवर सगळं प्रकरण उलगडलं. कामगाराच्या हुद्द्यावरून त्याच्या अंगात काय जातंय हे कधीच कळत नाही, आणि आपल्याकडच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्याला एकच शब्द पुरेल एवढीच जागा असते. मला हे मनापासून खटकतं.

मी त्या तरुणाच्या घरी गेलो तेव्हा त्याला कामावर जाणं बंद करून महिना होऊन गेला होता आणि पाय आणखी ढिले पडले होते. त्याच्या आईचा मुद्दा सरळ होता. “डॉक्टर, तो कामावर जातच नाही, तरी वाढतंय. मग कामाचा काय संबंध?” शंका अगदी बरोबर होती. पण या आजाराची खूणच ती आहे. संपर्क तुटल्यावरही दोन ते चार महिने आजार वाढत राहू शकतो, कारण ज्या नसांमध्ये बिघाड सुरू झालेला असतो त्यांचा ऱ्हास पूर्ण व्हायला तेवढा काळ लागतो. मी म्हटलं, “काकू, अजून थोडं वाढेल. नंतर थांबेल. तेव्हा घाबरून उलटसुलट औषधं सुरू करू नका.” हे आधी सांगितलेलं नसेल तर घरचे याच काळात डॉक्टर बदलत फिरतात, किंवा ‘कामाचा दोष नव्हता’ असं मानून मुलाला परत त्याच टेबलावर पाठवतात.

शरीरात काय होतं

हेक्झेन स्वतः नसांना फारसं काही करत नाही. यकृत त्याला पाण्यात विरघळण्याजोगं करायला जातं आणि त्या वाटेवर २,५-हेक्झेनडायोन नावाचा पदार्थ तयार होतो. हा खरा घातक. नसांच्या लांब तंतूंमध्ये आधार देणारी सूक्ष्म प्रथिनसूत्रं असतात. हेक्झेनडायोन त्यांना जागोजागी एकमेकांना चिकटवतो. सुताच्या लडीत गाठी पडल्यावर दोरा पुढे सरकत नाही तसा पेशीतला माल पुढे जाईनासा होतो, तंतू त्या जागी फुगतो आणि टोकाकडून मरायला लागतो. सर्वांत लांब नसा पायांच्या, म्हणून बधिरपणा पायांच्या बोटांपासून, दोन्हीकडे सारखा.

यातली रसायनाची खुबी अशी, की सहा कार्बनांची सरळ साखळी असली तरच हा पदार्थ एवढ्या प्रमाणात तयार होतो. फांद्या असलेली हेक्झेनची भावंडं, ज्यांना आयसोहेक्झेन म्हणतात, ती या बाबतीत खूपच सौम्य आहेत. बाजारातलं ‘हेक्झेन’ हे मिश्रण असतं आणि त्यात नॉर्मल हेक्झेनचं प्रमाण २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं. नुसत्या नावावरून काही ठरत नाही. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाची आणि त्याच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, याच्या तिसऱ्या भागात घटक आणि त्यांचे सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचे ओळख क्रमांक, असतात. तिथं ११०-५४-३ हा क्रमांक शोधायचा, तो नॉर्मल हेक्झेनचा.

आता तो दुसरा कोपरा. एमईकेने एकट्याने असा नसांचा आजार होत नाही. पण ते हेक्झेनच्या जोडीला असलं तर हेक्झेनचा नसांवरचा परिणाम वाढतो. ॲसिटोनबद्दलही तेच. एकाच बंद खोलीत एकाने हेक्झेनने पुसायचं आणि दुसरीने एमईकेने धुवायचं ही मांडणी दोघांनाही महागात पडणारी होती. दोन द्रावकांचे कागद वेगवेगळे वाचले तर हे लक्षात येत नाही, कारण प्रत्येक कागद फक्त आपल्यापुरतं बोलतो.

नाकाने फसवलं

शेठना आणि कामगारांना एकच गोष्ट पटवायला सर्वाधिक वेळ लागला. “टोल्यूइनला एवढा वास होता तरी पाय गेले नाहीत, याला तर वासच नाही,” असं सगळेच म्हणत होते. अमेरिकेतल्या निऑश आणि एसीजीआयएच या कामगार-आरोग्याच्या संस्थांनी आठ तासांच्या कामासाठी नॉर्मल हेक्झेनची सुचवलेली मर्यादा ५० पीपीएम आहे, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत पन्नास भाग वाफ. या पातळीला बहुतेकांना त्याचा वास येतच नाही. जेव्हा येतो तेव्हा मर्यादा आधीच ओलांडलेली असते, आणि थोड्या वेळात नाक सरावून तोही येईनासा होतो.

मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. एक लिटर हेक्झेन म्हणजे सुमारे ६६० ग्रॅम, उडाल्यावर त्याची साधारण १८५ लिटर वाफ होते. दोन लिटर आठ तासांत उडालं तर तासाला ४६ लिटर वाफ. खोलीत हवा ६०,००० लिटर. दार-फटींतून ती तासाला दोनदा बदलते असं धरलं, तर १,२०,००० लिटर हवेत ४६ लिटर वाफ, म्हणजे ३८० पीपीएमच्या पुढे. मिश्रणात नॉर्मल हेक्झेन ६० टक्के धरलं तरी आकडा २३० येतो, मर्यादेच्या चौपटीहून जास्त. हा सबंध खोलीचा सरासरी अंदाज झाला. वाटीवर वाकलेल्या नाकाशी तो अर्थातच याहून वर असणार. पुढे कॉलरला छोटा पंप आणि कोळशाची नळी लावून श्वासाच्या जागेचा नमुना घेतला, तेव्हा तसंच दिसलं. त्यासाठी पुसायचं काम एकदाच, थोडा वेळ, श्वसनयंत्र घालून केलं होतं.

इथं एक सापळा सांगायलाच हवा. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा कायद्यातली मर्यादा अजून ५०० पीपीएम आहे आणि अनेक डेटा शीटवर हाच आकडा आधी छापलेला असतो. तो वाचून कोणीही म्हणेल की २३० ठीकच आहे. माझ्या मते नसांचा विचार करायचा तर ५० हाच आकडा धरावा, दुसरा पाहूही नये.

असं याआधी घडलेलं आहे, म्हणून वाईट वाटतं. जपानमध्ये बेन्झिनने रक्ताचे आजार होतात म्हणून त्याच्या गोंदावर बंधनं आली, त्याच्या जागी हेक्झेनचा गोंद आला, आणि १९६०च्या दशकात घरोघरी सँडल चिकटवणाऱ्या लोकांचे हातपाय लुळे पडू लागले. १९७३ साली अमेरिकेत कोलंबस, ओहायो इथल्या कापडावर लेप देणाऱ्या कारखान्यात एका कीटोनऐवजी त्याचं जवळचं भावंड वापरलं गेलं. ते शरीरात हेक्झेनच्याच वाटेने जातं, आणि तिथंही नसांचा आजार पसरला. २००९च्या सुमारास चीनमधल्या सुझोऊ इथं टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी हेक्झेन आणलं, कारण ते लवकर सुकतं. १३७ कामगार बाधित झाले. तिन्ही ठिकाणी एक द्रावक जाऊन दुसरं आलं, आणि नव्याची चौकशी त्याच्या सोयीपुरतीच झाली. मकरपुऱ्यातही हेच झालं.

आगीची भीती होती, ती अपुरी पडली

शेडमध्ये धूम्रपान-बंदीची पाटी होती, अग्निशामक सिलिंडर होता. कोयलीची रिफायनरी १९६५पासून उशाला असलेल्या या शहरात पेट्रोलियम पेट घेतं हे कोणाला शिकवावं लागत नाही. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्याच्या वर वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, उणे २२ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने त्याची वाफ पेटायला तयार. पण पेटण्यासाठी हवेत किमान १.१ टक्के वाफ लागते, म्हणजे ११,००० पीपीएम. नसांसाठीची मर्यादा याच्या दोनशेव्या हिश्श्यापेक्षाही कमी. आग लागली नाही म्हणून हवा चांगली आहे, असं समजण्यात इथं सगळे फसले.

तरी आगीच्या बाबतीतही तीन गोष्टी चुकीच्या सापडल्या. हेक्झेनची वाफ हवेच्या तिप्पट जड, ती जमिनीलगत सरपटत जाते, आणि शेजारच्या खोलीत शाई सुकवायच्या ओव्हनची कॉइल जमिनीपासून वीतभर उंचीवर होती. प्लास्टिकच्या कारब्यातून प्लास्टिकच्या मगात ओतताना स्थिर वीज साठते, ती वाहून जायला वाट नसते. आणि साठा ५० लिटरांचा होता. पेट्रोलियम कायद्यानुसार ‘अ’ वर्गाचा, म्हणजे सर्वांत सहज पेटणारा माल, विक्रीसाठी नसला तरी, ३० लिटरांच्या वर परवान्याशिवाय ठेवता येत नाही. हा नियम शेठना कोणी सांगितलेलाच नव्हता.

आणखी एक सवय पाहून माझ्या अंगावर काटा आला. कारब्यातून द्रावक काढायला ते नळी तोंडाने ओढायचे. हेक्झेन इतकं पातळ असतं की घोट चुकून घशात गेला तर ते सहज फुप्फुसात उतरतं आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. कोणी गिळलंच तर उलटी करवायची नाही, उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनलिकेत जातं. थेट हॉस्पिटल गाठायचं आणि डबा किंवा लेबल सोबत न्यायचं.

काय बदललं

हेक्झेन मी शेडमध्ये गेलो त्याच दिवशी थांबवलं. शेठ आधी म्हणाले, “मास्क देतो सगळ्यांना.” कापडी किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. वाफेसाठी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज लावलेलं, चेहऱ्यावर घट्ट बसणारं श्वसनयंत्र लागतं, ते वेळेवर बदलावं लागतं आणि आठ तास घालून बसवत नाही. मास्क हा शेवटचा उपाय, पहिला नव्हे. हातमोज्यांचंही तसंच. त्यांनी आणलेले पांढरे लॅटेक्सचे मोजे हेक्झेनमध्ये फुगून ढिले होतात. नायट्राइलचे टिकतात, पण पातळ असतील तर तेही सारखे बदलावे लागतात.

पर्यायाचा विचार करताना आयसोहेक्झेन, हेप्टेन, आयसोप्रोपिल अल्कोहोल सगळं पाहिलं. नुसतं अल्कोहोल रोलिंग तेल नीट काढत नाही. शेवटी प्लेटा कोमट पाण्यात सौम्य डिटर्जंटने धुवायच्या, साध्या पाण्यातून काढायच्या, गरम हवेने वाळवायच्या आणि छपाईच्या तोंडावर अल्कोहोलचा एक हात फिरवायचा असं ठरलं. डिटर्जंट सौम्यच हवा. कॉस्टिकसारखा तीव्र अल्क ॲल्युमिनियम खातो, हे पहिल्याच बॅचने दाखवून दिलं. वाळवायला वेळ जातो आणि रोजचा माल काही दिवस कमी निघाला. शेठनी ते सोसलं, हे नमूद करायला हवं.

अल्कोहोलही पेट घेतं, म्हणून टेबलाच्या मागच्या कडेला लांब फटीचा एक्झॉस्ट बसवला. तो वाफ चेहऱ्यापासून दूर, मागे ओढून बाहेर टाकतो. छताजवळचा पंखा वाफ आधी माणसाच्या नाकावरून नेतो आणि मग बाहेर. ताजी हवा आत येते तिथं फिल्टर लावला, म्हणजे धुळीची जुनी तक्रार मिटली. ती तक्रार न मिटवता एक्झॉस्ट लावला असता तर तोही आठवड्याभरात बंद झाला असता. उघडी वाटी जाऊन दाबून द्रावक काढायचा धातूचा डबा आला. भिजलेले बोळे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, रोज संध्याकाळी बाहेर. जाळ्या धुण्याचं काम वेगळ्या, उघड्या बाजूच्या जागेत गेलं.

बाकी सहा जणांना तपासलं. जाळ्या धुणाऱ्या मुलीच्या पायाच्या बोटांत मुंग्या होत्या, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंद होती. तिने कोणाला सांगितलं नव्हतं, काम जाईल म्हणून. हेक्झेन थांबवल्याच्या संध्याकाळी घेतलेल्या तिच्या लघवीत हेक्झेनडायोन वाढलेलं मिळालं. या चाचणीसाठी नमुना पाळी संपल्यावर घेतात. हा पदार्थ काही दिवसांत शरीरातून निघून जातो, त्यामुळे महिनाभर घरी असलेल्या त्या तरुणाची लघवी तपासून काही सिद्ध झालं नसतं. त्याच्या बाबतीत निदान आधारलं होतं ते कामाच्या इतिहासावर, नसांच्या अहवालावर आणि बी-१२, मधुमेह, दारू, थायरॉइड ही बाकीची कारणं वगळण्यावर. त्या मुलीचा निकाल त्याच्या निदानाला सर्वांत मोठा आधार ठरला.

या आजाराला उतारा नाही. संपर्क तोडणं, फिजिओथेरपी, लोंबणाऱ्या पंजाला आधार देणारा स्प्लिंट आणि वेळ. इम्युनोग्लोब्युलिन दिलं गेलं नाही. एप्रिलपर्यंत त्याचे पाय आणखी ढिले होत गेले, मेमध्ये घसरण थांबली, पावसाळ्यात पंजा किंचित उचलला जाऊ लागला. नसा फार हळू वाढतात. सौम्य आजार बहुधा पूर्ण बरा होतो, तीव्र आजारात थोडी कमजोरी कायमची राहू शकते, आणि नसांचा आजार ओसरल्यावर काही रुग्णांच्या पायांत ताठरपणाही दिसू लागतो, म्हणून त्याच्यावर अजून दोन वर्षं तरी लक्ष ठेवावं लागेल. आता तो स्प्लिंट लावून कठड्याशिवाय जिना चढतो, बटणं स्वतः लावतो. शेडमध्ये परतला आहे, पण डिझाइनच्या कंप्युटरवर. मुलीच्या मुंग्या तीन महिन्यांत गेल्या.

ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं कवच साधारण दहा कामगारांपासून लागू होतं. इथं सातच असल्याने उपचाराचा आणि बुडालेल्या पगाराचा बोजा शेठनी आणि घरच्यांनी वाटून उचलला. तोच सप्लायर त्याच रस्त्यावरच्या आणखी काही शेडना निळे कारबे देतो. आता तो प्रत्येक कारब्याबरोबर डेटा शीटची प्रत देतो, शेठनी तशी अटच घातली. त्यातल्या दोन शेडनी प्लेटा नव्हे तर मोटारीचे भाग पुसायला ते घेतलं आहे, आणि तिथली खिडकी उघडी असते का, हे पाहायला आम्ही या महिन्यात जाणार आहोत.